विसरत, चुकत, अडखळत: दुसरी भाषा शिकण्याची आणि शिकवण्याची रीत

‘माझा’ आणि ‘माझी’ हे दोन शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. लिहिताना दोन्हींत ‘झ’च आहे, पण जीभ दोन वेगळ्या जागी टेकते. ‘चारा’ आणि ‘चार’ यांतल्या ‘च’चंही तसंच. हा फरक बहुतेकांच्या कधी लक्षातही आलेला नसतो, तरी बोलताना तो चुकत नाही. आता प्रौढ वयात मराठी शिकणाऱ्याकडे बघा. ‘पुस्तक नपुंसकलिंगी’ हे तो बरोबर सांगतो, गाळलेल्या जागा अचूक भरतो आणि पुढच्याच मिनिटाला बोलण्याच्या ओघात विचारतो, ‘तो पुस्तक कुठे आहे?’

एकाला जमतं पण माहीत नाही, दुसऱ्याला माहीत आहे पण जमत नाही. नियम सांगता येणं आणि तो बोलताना आपोआप पाळला जाणं यांच्यासाठी मेंदू दोन वेगळ्या प्रकारच्या स्मृती वापरतो. पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जायला बराच वापर लागतो, आणि त्या वाटेवर तीन गोष्टी हमखास भेटतात: विसर, चूक आणि संकोच. बहुतेक अभ्यासक्रम या तिघांना टाळायचा प्रयत्न करतात. माझ्या मते अभ्यासाची आखणीच या तिघांना धरून करायला हवी. पुढच्या पायऱ्या त्या हिशेबाने मांडल्या आहेत. शिकवणाऱ्यांसाठीच्या सूचना वेगळ्या काढलेल्या नाहीत, त्या त्या ठिकाणीच दिल्या आहेत, कारण विद्यार्थ्याच्या डोक्यात काय चाललं आहे हे दोघांनाही कळायला हवं.

पहिली पायरी: ध्येय प्रसंगात मांडा

‘मला जपानी यायला हवी’ या वाक्याला शेवट नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं वहीत पडून राहतं. त्याऐवजी एक प्रसंग लिहा: कोण समोर आहे, काय विषय आहे, तुम्ही काय म्हणता. प्रेरणेचे अभ्यासक झोल्टान डोर्न्ये यांची मांडणी अशी होती की ती भाषा बोलणारं आपलं भावी रूप जितकं स्पष्ट दिसेल, तितकी मेहनत टिकते. प्रसंग लिहिल्याने ते रूप स्पष्ट होतं आणि कोणते शब्द आधी हवेत हेही कळतं.

वेळेचा अंदाजही खरा ठेवा. अमेरिकेत मुत्सद्द्यांना भाषा शिकवणाऱ्या सरकारी संस्थेचा अनुभव सांगतो की इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला स्पॅनिश किंवा फ्रेंचमध्ये कामापुरतं प्रावीण्य यायला वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास लागतात, आणि अरबी, चिनी, जपानी किंवा कोरियनसाठी सुमारे २,२०० तास. तुमची भाषा नव्या भाषेला जवळची असेल तर आकडा खाली येईल. पण ‘तीन महिन्यांत अस्खलित’ हे आश्वासन मनावर घेतलं तर चौथ्या महिन्यात स्वतःलाच दोष द्याल.

वयाचं कारणही इथेच बाजूला ठेवू. लहानपणी सुरुवात केलेल्यांचे उच्चार आणि व्याकरण शेवटी जास्त सफाईदार होतात, हे खरं आहे. पण सुरुवातीचा वेग मोठ्यांचा जास्त असतो. नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात पहिल्या काही महिन्यांत १२ ते १५ वयाची मुलं आणि प्रौढ सगळ्यांत पुढे होते, तर ३ ते ५ वर्षांची बालकं मागे. मुलांना अनेक वर्षं मिळतात, दिवसाचे कितीतरी तास मिळतात, आणि त्यांच्या चुकांना कुणी हसत नाही. यातली तिसरी गोष्ट प्रौढांनाही देता येते.

दुसरी पायरी: आधी कान

सहा-आठ महिन्यांच्या बाळाला जगातल्या कुठल्याही भाषेतल्या ध्वनींमधले फरक बहुधा ऐकू येतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. त्या वयात बाळं फरक ओळखत होती. १० ते १२ महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांची ती क्षमता ओसरली होती, कारण इंग्रजीला त्या फरकाचं काम नाही. म्हणून इंग्रजी माणसाला आपला ‘ताट’ शब्द म्हणायला लावला तर दोन्ही व्यंजनं एकाच जागी पडतात. त्याची जीभ जड नसते, त्याच्या कानाला फरकच पोचत नसतो. नव्या भाषेत आपलीही हीच अवस्था असते.

उपाय सोपा आहे. एकाच ध्वनीने वेगळे होणारे शब्द जोडीने ऐका, कोणता ऐकला ते ओळखा आणि उत्तर लगेच तपासा. रोज दहा मिनिटं पुरतात. मात्र आवाज अनेक हवेत: बाईचा, पुरुषाचा, म्हाताऱ्याचा, घाईत बोलणाऱ्याचा. इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ जपानी भाषकांना शिकवण्याचे प्रयोग झाले आहेत, त्यांत वेगवेगळ्या माणसांचे आवाज ऐकवल्यावर ही ओळख नव्या आवाजांनाही लागू पडली. शिक्षकाने फक्त स्वतःच्या आवाजात सराव घेतला तर विद्यार्थी शिक्षकाला समजून घ्यायला शिकतो, रस्त्यावरच्या माणसाला नाही.

तिसरी पायरी: विसर पडू द्या, मग आठवा

यावर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यांत जास्त तास इथेच वाया जातात.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि ठरावीक काळाने त्या पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट लागतात ते मोजायचं. पहिल्या तासाभरातच मोठी गळती होते, दिवसभरात आणखी काही जातं आणि मग घसरण मंदावते. आठवड्याच्या शेवटी उरलेलं आणि महिन्याच्या शेवटी उरलेलं यांत फारसं अंतर नसतं. २०१५ मध्ये हाच प्रयोग पुन्हा केला गेला तेव्हाही आलेख जवळपास तसाच निघाला. म्हणजे काल पाठ केलेले शब्द आज न आठवणं हे मंदपणाचं लक्षण नाही. सगळ्यांचंच डोकं असं चालतं.

प्रश्न असा की उजळणी कशी करायची. बहुतेक जण यादी पुन्हा वाचतात. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थांसह शिकवले. एकदा बरोबर आलेला शब्द काही गटांनी पुन्हा पुन्हा आठवून सांगितला. इतर गटांत तो शब्द आठवून सांगणं तिथेच थांबलं, अगदी तो पुन्हा पुन्हा वाचत राहिले तरी. आठवड्यानंतर आठवत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले आणि बाकीच्यांना साधारण ३५ टक्के. याहून बोलकी गोष्ट पुढे आहे: आठवड्यानंतर किती शब्द येतील असं विचारलं तेव्हा सगळ्या गटांचा अंदाज सारखाच होता, साधारण निम्मे.

आपल्या अभ्यासाबद्दलचं आपलं मत किती फसवं असतं, हे या अंदाजातून दिसतं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीला आपण ‘येतंय’ म्हणतो. आठवताना कष्ट पडतात, म्हणून ‘येत नाही’ म्हणून आपण ते सोडून देतो. पण शब्द पक्का होतो तो त्या कष्टाच्या क्षणीच.

करायचं ते असं. कार्डाच्या एका बाजूला तुमच्या भाषेतलं छोटं वाक्य किंवा चित्र, दुसऱ्या बाजूला नवी भाषा. नुसता शब्द शक्यतो लिहू नका, तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहा. पाच खणांचा एक डबा घ्या. ही कल्पना सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केली. पहिला खण रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. आठवलं की कार्ड पुढच्या खणात, नाही आठवलं की थेट पहिल्या खणात. मोबाइलवरची अॅप्स हेच काम करतात, पण पहिले शंभर शब्द हाताने लिहावेत असं मला वाटतं. कार्ड पलटण्याआधी पाच-सात सेकंद थांबा. उत्तर मोठ्याने म्हणा, चुकीचं का असेना. रोज नवे शब्द दहापेक्षा जास्त नकोत. उत्साहाच्या भरात रोज चाळीस घालणारे तिसऱ्या आठवड्यात उजळणीच्या ढिगाऱ्याखाली सापडतात आणि सगळंच सोडून देतात.

एक इशारा. पाठ्यपुस्तकांना गट आवडतात: सगळे रंग एका पानावर, सगळे वार दुसऱ्या पानावर. सारख्या अर्थाचे नवे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला वेळ जास्त लागतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. डावा आणि उजवा एकाच दिवशी शिकलेला माणूस वर्षभर त्यांची अदलाबदल करत राहतो. एका प्रसंगातले शब्द मात्र एकमेकांना धरून राहतात: पाऊस, छत्री, भिजणं, निसरडं. गट करायचेच असतील तर असे करा.

शिक्षकांसाठी एवढंच: तासाची पहिली आठ-दहा मिनिटं मागच्या तासाची, आणि त्याच्याही मागच्या तासाची, उजळणी वही बंद ठेवून घ्या. विद्यार्थ्यांनी आठवेल ते लिहायचं, शेजाऱ्याशी ताडून बघायचं, मग वही उघडायची. गुण देऊ नका. गुण आले की आठवण्याची परीक्षा होते आणि विद्यार्थी चुकायला घाबरू लागतात.

चौथी पायरी: समजेल असं भरपूर ऐका आणि वाचा, पण तिथेच थांबू नका

शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या मोजणीनुसार इंग्रजी कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुलं (म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं मिळून एक) लागतात. हा हिशेब मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत असं धरून केलेला आहे. आकड्याने दडपून जाऊ नका. कुठल्याही भाषेत थोडेच शब्द फार वेळा येतात, पहिले दोन हजार नेहमीच्या मजकुराचा ८० टक्क्यांहून अधिक भाग व्यापतात. निवडीची कसोटी अशी ठेवा: पानावर दोन-तीनच अनोळखी शब्द असतील तर ते पुस्तक तुमचं. ओळीओळीला शब्दकोश उघडावा लागत असेल तर पुस्तक बदला. त्यात कमीपणा काही नाही.

नुसत्या ऐकण्या-वाचण्याने भाषा येते का? कॅनडात १९६५ पासून इंग्रजी घरांतल्या मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवण्याचे वर्ग सुरू झाले. कित्येक वर्षं फ्रेंच कानावर पडून त्यांची समज उत्तम झाली, पण बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण तेवढं पुढे गेलं नाही. मेरिल स्वेन यांनी १९८० च्या दशकात त्याचं कारण मांडलं: समजून घेताना शब्दांच्या शेपटांकडे, म्हणजे प्रत्ययांकडे, लक्ष न देताही अर्थ लागतो. बोलताना मात्र ती शेपटं लावावीच लागतात, आणि तेव्हाच आपल्याला काय येत नाही ते कळतं.

बोलण्यासाठी एक फार उपयोगी सराव आहे. एखादी घडलेली गोष्ट एका माणसाला चार मिनिटांत सांगा, तीच दुसऱ्याला तीन मिनिटांत, तीच तिसऱ्याला दोन मिनिटांत. विषय तोच असल्याने काय सांगायचं याचा भार उतरतो आणि सगळी शक्ती कसं सांगायचं याकडे वळते. ऐकणारा दर वेळी नवा असल्याने सांगणं खरं राहतं. एकटे असाल तर फोनवर तीनदा रेकॉर्ड करा.

पाचवी पायरी: संकोचाला जागा कमी ठेवा

परकी भाषा बोलताना वाटणारी भीती हा एक वेगळाच प्रकार आहे, एरवी धीट असलेल्या माणसालाही ती गाठते. इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली, तिचा आजही उपयोग होतो. भीतीचं मूळ समजण्यासारखं आहे: स्वतःच्या भाषेत आपण विचारी, विनोदी, समंजस असतो आणि नव्या भाषेत एकदम चार वर्षांच्या मुलासारखे वाटतो. पणाला लागते ती आपली प्रतिमा.

या भीतीचा हिशेब डोक्यातल्या जागेशी आहे. एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात, नेल्सन कोवान यांच्या २००१ मधल्या मांडणीप्रमाणे साधारण चार. क्रियापदाचं रूप, शब्दांचा क्रम, समोरच्याचा चेहरा, आणि त्यात ‘हा मला हसतोय का?’ हा विचार घुसला की येणारं वाक्यही निसटतं. म्हणून ‘घाबरू नका’ म्हणण्याचा उपयोग नाही, भार कमी करायला हवा.

संभाषणाची पहिली दोन वाक्यं आधीच घोकून ठेवा, कारण सुरुवात नीट झाली की पुढचं सोपं जातं. पाच-सहा तारक वाक्यं इतकी पक्की करा की झोपेतही यावीत: ‘जरा हळू बोलाल का?’, ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात?’, ‘तुम्हाला असं म्हणायचं आहे का, की…’, ‘थांबा, आठवतोय.’ ही वाक्यं येत असली की अडखळणं हा संभाषणाचा भाग होतो आणि संभाषण तुटत नाही.

वर्ग घेणाऱ्याने कुणालाही सगळ्यांसमोर उभं करून अचानक विचारू नये. आधी मनात, मग शेजाऱ्याशी, मग चौघांत, आणि ज्याची तयारी असेल त्याने सगळ्यांसमोर, हा क्रम ठेवा. प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमध्ये मोजलं तेव्हा शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. ते तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. दुसऱ्या भाषेत तर उत्तर सुचल्यावर त्याची वाक्यरचनाही करायची असते, म्हणून मी मनात सावकाश पाच मोजायला सांगेन. पहिल्यांदा ती शांतता अवघड वाटते, शिक्षकालाच जास्त.

सहावी पायरी: चुका वाचायला शिका

मराठी बोलू लागलेलं मूल ‘मी करलं’ म्हणतं. ‘करलं’ हा शब्द त्याने कुणाकडूनही ऐकलेला नसतो. ‘बस-बसलं’, ‘पड-पडलं’ यांवरून त्याने स्वतः नियम काढलेला असतो, आणि ‘केलं’ हा अपवाद अजून पोचलेला नसतो. प्रौढ विद्यार्थीही हेच करतो. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये हा मुद्दा मांडला: चूक म्हणजे विद्यार्थ्याने मनात बांधलेल्या नियमाचा पुरावा. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये त्या मधल्या, घडत्या भाषेला स्वतंत्र नाव देऊन तिचा अभ्यास रूढ केला.

म्हणून चूक दिसली की आधी तिची जात ओळखा. घाईतली घसरण असेल तर विद्यार्थी स्वतःच सुधारतो, सोडून द्या. ‘करलं’सारखा ताणलेला नियम असेल तर शाबासकी द्या आणि अपवाद दाखवा. ‘मी भूक आहे’ असं मातृभाषेतून उचललेलं वाक्य असेल, तर दोन्ही भाषांतली रचना शेजारी ठेवा: मराठीत भूक मला लागते, मी भुकेचा मालक नसतो. आणि जो नियम अजून त्याच्या आवाक्यातच नाही त्याची चूक आज दुरुस्त करू नका.

दुरुस्ती कशी करावी? सगळ्यांत प्रचलित रीत म्हणजे विद्यार्थ्याचं वाक्य शुद्ध करून आपण म्हणणं. समजा एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘काल मी लवकर झोपलो.’ शिक्षक आपुलकीने म्हणतात, ‘अरे वा, तुम्ही लवकर झोपलात!’ या उत्तरात दुरुस्ती आहेच कुठे? ‘झोपलात’ बाईलाही तेच आणि पुरुषालाही तेच. तिला कळतं एवढंच की बोलणं समजलं. रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी १९९७ मध्ये फ्रेंच माध्यमाच्या चार वर्गांतल्या दुरुस्त्या मोजल्या. निम्म्याहून अधिक दुरुस्त्या या प्रकारच्या होत्या, आणि त्यांतल्या फक्त ३१ टक्के वेळा विद्यार्थ्याने काही प्रतिसाद दिला. शिक्षकाने वाक्य अर्धवट सोडून विद्यार्थ्याकडून काढून घेतलं, तेव्हा प्रत्येक वेळी प्रतिसाद आला.

म्हणून ‘काल मी लवकर…?’ असं म्हणून थांबा. ती ‘झोपले’ म्हणेल. नाही म्हणाली तर दोन पर्याय द्या, तरीही नाही तर उत्तर सांगा आणि पाच मिनिटांनी तोच धागा परत काढा. उच्चाराच्या चुकीला मात्र शुद्ध करून म्हणणं पुरतं. एका तासात एकाच प्रकारच्या चुकांमागे लागा आणि ते आधी सांगून टाका: ‘आज फक्त भूतकाळ, बाकीचं मी ऐकलंच नाही.’ विद्यार्थी मनापासून काही सांगत असेल तर मध्ये तोडू नका, टिपून ठेवा आणि शेवटी नावं न घेता फळ्यावर मांडा.

चुकांना अजिबात हात लावायचा नाही, हेही टोक झालं. रिचर्ड श्मिट यांनी हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराचं इंग्रजी तीन वर्षं अभ्यासून १९८३ मध्ये लिहिलं. माणूस बोलका, मनमिळाऊ, कामं भराभर करून घेणारा, पण तीन वर्षांत त्याचं व्याकरण जवळजवळ हललं नाही. बोलणं पोचत होतं, म्हणून रूपांकडे लक्ष देण्याची गरजच त्याला पडली नाही. श्मिट यांचा पुढचा निष्कर्ष असा की जे लक्षात येत नाही ते शिकलं जात नाही. स्वतः शिकत असाल तर आठवड्याला एकच रूप निवडा आणि दुसऱ्यांच्या बोलण्यात ते टिपत राहा. भूतकाळ निवडला असेल तर आठवडाभर कान फक्त भूतकाळाला.

आठवड्याची घडी

रोज अर्धा तास मिळत असेल तर दहा मिनिटं कार्डं, पंधरा मिनिटं ऐकणं किंवा वाचणं आणि पाच मिनिटं मोठ्याने बोलणं. कान तयार होईपर्यंत, म्हणजे पहिले काही आठवडे, ऐकण्या-वाचण्याच्या वेळेतली दहा मिनिटं दुसऱ्या पायरीतल्या शब्दांच्या जोड्यांना द्या. आठवड्यातून दोनदा खऱ्या माणसाशी बोला, वीस मिनिटं का असेना. रविवारी तीन तास बसून बाकीचे दिवस सुट्टी, ही घडी लावू नका. तिसऱ्या पायरीत सांगितलेलं अंतर त्यात मिळत नाही.

महिन्याच्या पहिल्या तारखेला एकाच विषयावर, उदाहरणार्थ ‘गेल्या महिन्यात काय घडलं’, दोन मिनिटं न थांबता बोला आणि रेकॉर्ड करा. तयारी नको, कागद नको. ते लगेच ऐकू नका, मागच्या महिन्याचं ऐका. कुठे अडखळलात, कोणता शब्द टाळून वळसा घेतलात, कोणतं रूप तीनदा चुकलात, ते लिहून काढा. ती यादी म्हणजे येत्या चार आठवड्यांचा अभ्यासक्रम. पहिल्या महिन्यात ऐकायला काही नसेल, तेव्हा फक्त रेकॉर्ड करा आणि फाइलला तारीख द्या.